दोन रेघा जादा

नाक मुरडू नका, मित्रांनो. दिसतो तेलकट, काळा, जागोजागी रंग उडालेला, पण या जुन्या लेथने एके काळी कोल्हापूरच्या निम्म्या ऑइल इंजिनांना दांडे पुरवले आहेत. लेथ म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. लोखंडाचा दांडा माझ्या चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, घट्ट धरायचा, तो गरगर फिरवायचा आणि बाजूने धारदार टूल आत सारत हवा तितका बारीक करायचा. टूल सारायला माझ्या पोटाशी एक हँडल आहे आणि त्याच्याभोवती बारीक रेघा आहेत. एक रेघ फिरवली की टूल केसभर आत जातं. आमच्या धंद्यात जगणं-मरणं त्या रेघांवर असतं.

माझा पाया उद्यमनगरातल्या भट्टीत ओतला गेला. पहिल्या मालकाच्या कारखान्यात दिवसभर मी थांबायचो नाही. खंडेनवमीला झेंडूचा हार, हळद-कुंकू आणि पेढे. मालक पाठीवर थाप मारल्यासारखा माझ्यावर हात ठेवायचा. पुढे त्याने संगणकावर चालणारं मशीन घेतलं आणि मला एका खासगी आयटीआयला देऊन टाकलं. मला वाईट वाटलं नाही. शाळा सोडून आलेली पोरं माझ्यापाशी टर्नरचं काम शिकणार, कुणाची तरी चूल पेटणार, यापरता म्हातारपणी आणखी काय हवं होतं!

तोवर माझ्या हँडलचा स्क्रू झिजला होता. आटे ढिले पडले होते. दहा रेघा फिरवल्या तरी टूल आठ रेघांइतकंच सरकायचं. तेव्हाचे गुंडू सर जुने कारागीर. पहिल्याच दिवशी ते पोरांना दरडावून सांगायचे, "ह्या म्हाताऱ्याचा स्क्रू झिजलाय. हितं शेवटच्या कापाला दोन रेघा जादा द्यायच्या. दुसऱ्या मशीनवर असलं काय केलासा तर हात मोडंन एकेकाचा!" पोरं हसायची, पण ध्यानात ठेवायची. नवा स्क्रू मागून मागून सर थकले. शेवटी ते निवृत्त झाले, आणि झिजलेल्या स्क्रूची आणि दुसऱ्या मशीनची ती ताकीदही त्यांच्याबरोबरच घरी गेली.

त्यांच्या जागी उदयसिंह सर आले. भला माणूस. पण तेही माझ्यावरच शिकलेले, तासांवर पगार घेणारे, दुसऱ्या लेथला कधी हात न लावलेले. गुंडू सरांच्या वर्गात ज्या दिवशी ती ताकीद दिली गेली, त्या दिवशी हे गावच्या जत्रेला गेलेले असणार. ते पोरांना सांगू लागले, "लेथवर शेवटच्या कापाला दोन रेघा जादा. नियम हाय त्यो." माझ्या दुखण्याचा नियम झाला, मित्रांनो! आणि मला जीभ नाही.

दीक्षा आली ती अशा वेळी. कागलच्या अलीकडच्या एका खेड्यातली, दहावी झालेली, शिडशिडीत मुलगी. टर्नरच्या वर्गात एकटीच मुलगी. पहिल्या आठवड्यात पोरांनी टोमणे मारले, "चपात्या लाटायचं मशीन न्हाय हे, बाई!" ती म्हणाली, "मग तू ये की लाटायला, तुझ्या हातनं तेबी व्हईना." मला फार बरं वाटलं.

हात काय गोड होता तिचा! हँडल ओढायची नाही, ओचकारायची नाही, अगदी दाराची कडी लावावी तसं सावकाश फिरवायची. घरी आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर जायचे. तिला ते थांबवायचं होतं. सरांना ती एकदाच म्हणाली होती, "कंपनीत लागलो की आईला उसाच्या फडात जाऊ देणार न्हाय मी." रोज सगळ्यांच्या आधी येऊन ती मला फडक्याने पुसायची आणि शिकलेलं पुन्हा पुन्हा करायची. दोन रेघा जादा. दोन रेघा जादा. विचारसुद्धा करावा लागू नये इतका तो हात बसला. जितके ती कष्ट करायची तितकी माझी झीज तिच्या बोटांत मुरत होती, आणि मला ते दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, दुसरं मशीन नव्हतं का? होतं की! माझ्यासमोरच, चार पावलांवर. एका कंपनीने भेट दिलेला कोरा करकरीत लेथ, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. पाहुण्यांची तारीख मिळेना. कधी निवडणूक, कधी लग्नसराई, कधी पाहुण्यांचा घसा बसलेला. दीक्षाचा अख्खा अभ्यासक्रम संपत आला तरी नारळ फुटेना. खंडेनवमीला मात्र आम्हा दोघांनाही हार पडायचा. झेंडू भरपूर, तेलाचा थेंब नाही.

मग कागलच्या औद्योगिक वसाहतीतून एक कंपनी भरतीला आली. वर्गात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. दीक्षाने नखं कापली, केस घट्ट बांधले. कंपनीचे साहेब आत आले, माझं हँडल हलवून बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्या भंगारावर परीक्षा? ते नवं काढा."

प्राचार्यांची पंचाईत झाली. साहेबांना नाही म्हणवेना. शेवटी ते शिपायाला म्हणाले, "प्लॅस्टिक काढ. नारळ तेवढा ठेव बाजूला, तो उद्घाटनाला लागंल."

प्लॅस्टिक निघालं. 'अगं पोरी, थांब! त्याचा स्क्रू धड आहे!' मी आतल्या आत आकांत करत होतो. तिने दांडा चकात धरला. एकेक काप असा घेतला, की साहेब खिशातून हात काढून जवळ येऊन उभे राहिले. तिने माप घेतलं. जेमतेम दहा रेघा उरल्या होत्या. शेवटचा काप. तिने हँडल फिरवलं, हवं तेवढं, आणि मग शांतपणे, वर्गात शिकवल्याप्रमाणे, दोन रेघा जादा.

मशीन थांबलं. साहेबांनी माप घेतलं आणि मान हलवली. "मापाखाली उतरला. बाद."

लोखंड जादा राहिलं तर पुन्हा कापता येतं, मित्रांनो. जादा कापलं गेलं तर देवालाही परत चिकटवता येत नाही.

"पण साहेब, मी रोज करतो तसंच केलं की," ती म्हणाली. साहेब पुढच्या पोराचं नाव वाचत होते. तिच्यामागून वर्गातली सगळी पोरं तशीच बाद झाली. एकटा सम्राट पास झाला. शिवाजी पेठेतला सम्राट, जो फुटबॉलच्या नादात वर्गात फिरकायचा नाही आणि संध्याकाळी मामाच्या कारखान्यात धड लेथवर हात मारायचा. त्याला आमचा नियम ठाऊकच नव्हता. त्याच्यावर माझा राग नाही, पण त्या दिवशी मला तो बघवेना.

सगळे गेल्यावर दीक्षाने सरांना विचारलं, "सर, चुकलं काय माझं?"

उदयसिंह सर खाली बघत होते. त्यांनाही खरंच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "हात जड पडला गं तुझा. बायकांचं व्हतं असं, घाबरल्यावर."

तिने ते मानलं. मला वाटलं, चकासकट उखडून पडावं. नवा लेथ पुसून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गेला, कारण उद्घाटन अजून बाकी होतं.

परवा सम्राट दाखला न्यायला आला होता. सर त्याला दीक्षाबद्दल विचारत होते. ती त्याच कंपनीत ठेकेदाराकडे लागली आहे. मशिनींखालचा लोखंडाचा कीस झाडते. तिची आई अजून उसाच्या फडातच जाते. सम्राट म्हणाला, "एक दिवस सुपरवायझर न्हवता. मी म्हटलं, ये, माझ्या मशीनवर एक काप मार की. तर तिनं हात मागं घेतलं, सर. म्हणाली, नको रे बाबा, माझ्या हातानं बिघडंल."

मित्रांनो, इथवर आल्यावर माझ्यासारख्याने म्हणायचं असतं की आम्हाला तेलपाणी करा, पुसा, जपा. मला काही नको. मला उद्या भंगारात घाला. फक्त कागलकडे कधी गेलात, आणि ठेकेदाराने दिलेल्या शर्टात केरसुणी घेतलेली शिडशिडीत दीक्षा तुम्हाला दिसली, तर तिला जरा थांबवा. सांगा, बाई, तुझा हात जड नव्हता, त्या म्हाताऱ्याचा स्क्रू झिजला होता. तिला हे सांगणारं इथे कुणी नाही. सरांना ठाऊक नाही, साहेबांना सवड नाही, आणि मला बोलता येत नाही.