वय उणे चार

समाजाच्या परिचय मेळाव्याची वेबसाइट मी अन् वैभव मिळून बनवून राहिलो होतो. मी पांढुर्ण्याचा, तो नदीपलीकडच्या सावरगावचा. वर्षातून एक दिवस, गोटमारीच्या जत्रेत, रिवाजानं एकमेकायले गोटे मारतो, बाकी दिवस पक्के दोस्त.

मेळाव्याचे अध्यक्ष सौसरचे रघुनाथराव मास्तर. त्यायची पोरगी गायत्री. तिले मागणी घालाची हिंमत मी कवापासून जमवून राहिलो होतो, अन् हे फक्त वैभवले माहीत होतं.

साइट अजून माह्याच लॅपटॉपवर चालत होती. पोरानं फॉर्म भरला की सर्व्हर तो तपासते अन् पोरीच्या बापाले मेसेज पाठवते. टेस्टिंगमध्ये सगळे मेसेज एकाच नंबरवर जातीन, अशी सोय वैभवनं केली होती.

"माहा नंबर टाकला," तो म्हणे. "तू बिनधास्त ठोक."

टेस्टिंग म्हंजे मुद्दाम उलटंसुलटं भराचं, अन् सर्व्हर अडवते का ते पाहाचं. वराचं नाव माहंच टाकलं, वधूचं गायत्री. लॅपटॉपवर कोण पाह्यते? वय उणे चार. वजन पाचशे किलो. शिक्षण टमाटर. आधीच्या बायका सात. सर्व्हरनं काहीच नाई अडवलं. 'आपली मागणी पोहोचली' म्हणे. मी कोड दुरुस्त करत गेलो अन् पुन्हा पुन्हा पाठवत गेलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर माह्या दुकानात आले. चष्मा लावून फोन वाचाले लागले.

"प्रवीण, टमाटरमध्ये किती टक्के पडले बाबू?"

"काका, ते टेस्टिंग होतं."

"माह्या पोरीवर? अन् सात बायकायचं काय केलं?" त्यायनं फोन खिशात टाकला. "त्या वैभवचा पाह्य. एकच फॉर्म आला, पण कसा नीट भरला."

ते गेल्यावर मी वैभवले फोन लावला.

"मास्तरचा नंबर टाकला काहून बे?"

"अरे, खऱ्या माणसावर टेस्ट केलं तं बरोबर समजते."

"अन् तुहा फॉर्म?"



"माहा पहिल्याच खेपेत पास झाला गड्या. मी वय खरं टाकलं होतं."

मेळाव्यात जमलेलं पहिलं लग्न म्हणून वैभव अन् गायत्रीचा फोटो साइटच्या पहिल्या पानावर टाकाचं ठरलं. पान माह्याकडंच होतं. आधी लॅपटॉपवर चालवून पाह्यलं. काहीतरी बिघडंन म्हणून दोनचारदा रिफ्रेश केलं. काही नाई बिघडलं.

तेवढ्यात वैभवचा मेसेज आला, 'फोटो जरा मोठा कर ना.'

केला.