दुसरं गेज

सासरे बंदुका दुरुस्त करायचे, नवरा त्या चालवायचा, आणि काळजी करायचं खातं आपसूक तिच्याकडे आलं होतं. आताही ती दुकानाच्या मागच्या खोलीत, मांडीवर पेंगणारं बाळ घेऊन, डोळ्यांत तेल घालून बसली होती.

नवऱ्याने उद्याच्या स्पर्धेसाठी जुनी रायफल आणली होती. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या मागे, चेंबर बंद करणाऱ्या बोल्टपर्यंत, जास्त जागा उरली, तर झाडताना ते मागेच फुटू शकतं. आणि नेम धरताना गाल तिथेच टेकलेला असतो. हे एकदा ऐकल्यापासून तिला त्या गालाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

सासऱ्यांनी बोल्टमधली पिन, स्प्रिंग, सगळं काढून ठेवलं. पहिलं पोलादी गेज, म्हणजे काडतुसाच्या मापाचा ठोकळा, आत सरकवलं. यावर बोल्ट मिटायला हवा. मिटला, जरा कुरकुरत. दुसरं गेज केसभर लांब. यावर मिटता कामा नये; मिटला, तर जागा जास्त. नाही मिटला.

"पास!" नवऱ्याने टाळी वाजवली.

"हळू! उठेल तो." मग तिला राहवेना. "बाबा, पहिल्यालाही अडलं ना जरा?"

"झालं सुरू! आता रायफलीला ताप आहे का तेही बघेल ही," नवरा म्हणाला.

सासरे हसले, आणि हसता हसता थांबले. "चेंबर तू पुसलंस ना रे?"

"मी? मला वाटलं, तुम्ही पुसलंत."

फडकं आत फिरवलं, तर वाळून कडक झालेलं काळं ग्रीस निघालं. मघाशी गेज त्यावरच अडलं होतं. पुन्हा पहिलं गेज, बोल्ट अलगद मिटला. मग दुसरं. सासऱ्यांनी नुसत्या बोटाच्या टोकाने बोल्टचा दांडा खाली नेला. तो गेला. पार खालपर्यंत गेला.

"असा कितीसा फरक असेल, बाबा? उद्याचा एक दिवस..."

"कितीसा ते हे गेज सांगत नाही. चालवू नको, एवढंच सांगतं."

"मग क्लबची रायफल घ्यावी लागेल. तिचा ट्रिगर दगड आहे नुसता. हरेन मी."

"मग हर. घरी येऊन सांग, हरलो म्हणून."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर चार वाक्यं तयार होती. ती गिळून तिने बाळाला मांडीवरून खांद्यावर घेतलं.

तो फोन घेऊन बाहेर गेला. दारातून त्याचा पडेल आवाज आला, "हो, जी असेल ती द्या. चालेल मला."