न दुखणारे पाय

सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या, माणसं पाचशे, आणि सगळ्यांचे डोळे एका म्हाताऱ्याच्या बुटांवर खिळले होते. बुटांत सूनबाईंचे सासरे, अण्णा होते.

"काल बारा किलोमीटर चाललो!" अण्णा माइकवरून गरजले. "कोरे करकरीत बूट! आणि कळ? नावाला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी पदस्वामी डोळे मिटून उभे होते. त्यांचा मंतरलेला लाल दोरा अंगठ्याला बांधला की पायाला म्हणे फोड येत नसे. उद्या चाळीस किलोमीटरची पदयात्रा होती, त्यामुळे अंगठे रांगेत उभे होते.

"पथ्य मात्र हवं," स्वामी गुणगुणले. "नव्या चामड्यात जनावराचा आत्मा तळमळतो. महिनाभर घरात वापरून त्याला शांत करा. पातळ मोजे दोन घाला, एक इहलोकाचा, एक परलोकाचा. तासातासाला पाय उघडे करून वाळवा, कृपा आत शिरते."

सूनबाई इस्पितळात जखमांची मलमपट्टी करायच्या. परलोक वगळता हेच त्या रोज रुग्णांना सांगत. पथ्य पाळणाऱ्यांना फोड येत नव्हते आणि श्रेय दोरा खात होता. फोड आलाच, तर श्रद्धा कमी पडली.

पण अण्णांनी तर एकही पथ्य पाळलं नव्हतं. वर बारा वर्षांचा मधुमेह.  सूनबाई तडक मंचावर चढल्या.

"अण्णा, बूट काढा."

"अगं, चारचौघांत?"

"पाचशे जणांत. उजवा आधी."

"बाई, संशयाने कृपा आटते," स्वामी म्हणाले.

"आटू दे. मी भरून देते."

बूट निघाला. आधी खण्णकन एक किल्ली पडली. कपाटाची. गेले चार दिवस घरातला प्रत्येक जण दुसऱ्यावर जिचा आळ घेत होता, ती. मग मोजा निघाला. टाचेवर लिंबाएवढा फोड, फुटलेला, मोज्याला चिकटलेला.

"दुखतंय?"

"छे!"

"किल्ली टोचली नाही?"

"कुठली किल्ली?"



"साखरेने यांच्या पायांची जाणीव गेलीय," सूनबाई म्हणाल्या. "उद्या हे हसत हसत चाळीस किलोमीटर चालले असते आणि परवा माझ्या टेबलावर आले असते. पाय वाचलाच असता, असं मी सांगू शकत नाही."

"पण बाकीच्यांना गुण आला ना!" स्वामी म्हणाले.

"रुळलेल्या बुटांनी आला, कोरड्या पायांनी आला. एका मोज्यावर दुसरा घासतो, कातडी वाचते. दोरा सोडून चाला, तेवढाच गुण येईल. पाय गरम लागला की थांबा, तिथे पट्टी लावा. आणि ज्यांना कळ कळत नाही, त्यांनी रोज पाय डोळ्यांनी बघा."

अण्णा टाचेकडे बघत राहिले. "उद्या मी चालणार नाही," ते हळूच म्हणाले. पण माइक अजून हातातच होता. "माझ्याकडे काय बघताय? काढा आपापले बूट!"

पाचशे माणसं वाकली. हजार पाय एकदम उघडे पडले. त्या दरवळाचा साक्षात्कार सर्वांत आधी पदस्वामींना झाला, आणि ते नाक धरून दाराकडे धावले.

सूनबाई गुडघ्यावर बसून जखम धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खिडक्या उघडा. पण बूट इतक्यात घालू नका. नीट बघून घ्या."