शेवट नसलेली चाल

मल्हारीला वळण कसलं ते नव्हतं. आईनं हाक मारली तर ओ नाही, आणि विलायतेतल्या बँडवाल्यांची कुंडली मात्र तोंडपाठ. सुलाबाईला त्याचाच राग. नवरा गेल्यापासून पिंपळगावातली बँडपार्टी तिनं एकटीनं ओढली होती. तिच्या बाजामागून निघालेल्या नवरदेवाचा मुहूर्त कधी चुकला नव्हता, आणि हे ती समोरच्यानं विचारायच्या आधी सांगायची.

पंच्याऐंशी सालच्या लग्नसराईत मल्हारीनं मुंबईहून एका विलायती बँडची कॅसेट आणली. ऐकून सुलाबाई म्हणाली, "कोल्ड स्टोरेजचं मशीन बिघडल्यावानी वाजतंय."

"लय नाव हाय त्यांचं, आई. मधी त्यांचा गाणारा जगाचा शेवट आला म्हणून पार बर्फाच्या देशात पळाला."

"मग?"

"शेवट आला नाय. मंग परत येऊन पुन्हा बँड उभा केला."

"ऐन सराईत पळाला का?"

"त्यांच्यात सराई नसती."

"तरीच."

त्याच आठवड्यात निफाडला लग्न होतं. सुलाबाई मांडवाच्या दारात उभी. मारुतीच्या पाया पडून नवरदेव घोडीवर बसला आणि मल्हारीनं गुपचूप बसवलेली विलायती चाल सुरू केली. घोडी झुंबर घोडेवाल्याची, बाजातच म्हातारी झालेली. लगामाला ती विचारत नसे. शेवटचा तोडा कानावर पडला की थांबायची, नुसता बाजा बंद केला तर उलट उधळायची. आणि घरच्या टेपनं कॅसेटची पट्टी अर्ध्यातच चावून खाल्ली होती. चालीचा शेवट कुणी ऐकलाच नव्हता. ताशा बडवता बडवता मल्हारी मान हलवी, पोरं पुन्हा पहिल्यापासून घेत.

मांडव आला. मांडव गेला. नवरी हार घेऊन बघत राहिली. घोडी ताठ मानेनं द्राक्षबागेकडं निघाली, मागून झुंबर, त्याच्यामागं नवरदेवाचा मामा.

सुलाबाईनं पदर खोचला, धावत जाऊन मल्हारीच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या आणि नवऱ्यानं शिकवलेला तोडा ताशावर हाणला. घोडी जागच्या जागी खिळली. नवरदेवाचं बाशिंग कानावर आलं होतं.

मांडवात भटजींनी घड्याळ काढून खिशात घातलं होतं, म्हणून मुहूर्त टळला नाही.

अक्षता पडल्यावर सुलाबाई मल्हारीजवळ आली.

"त्या गोऱ्याला अख्ख्या जगाचा शेवट ठावा होता म्हणतोस," ती म्हणाली, "आन् तुला एका गाण्याचा नाय. आजपासून तू झांजा वाजवायच्या."