निळ्या झिलईचं राहून गेलेलं माप

मावशीच्या मातीच्या भांड्यांवरच्या निळ्या झिलईबद्दल लोक काय काय सांगत. एका पाहुण्या बाईने म्हणे तिच्या रिकाम्या वाडग्यात बोट बुडवलं. बोट कोरडंच निघालं, तरी बाईने ते रुमालाला पुसलं. खिडकीत ठेवलेल्या ताटलीत एक चिमणी आंघोळीला उतरली, घसरून आपटली आणि रुसून आठ दिवस फिरकली नाही. यातलं निम्मं मावशीनेच पसरवलेलं होतं आणि उरलेलं निम्मं खोटं होतं.

झिलई मात्र खरीच तशी होती. तिचं माप मावशीच्या मुठीत होतं, आणि मूठ झाकलेली होती.

भाचीचं सगळं उलटं. एका बंद पडलेल्या छापखान्यात तिने मातीकाम करणारी नऊ डोकी गोळा केली, सगळ्यांत मिळून एक मोठी भट्टी उभी केली, आणि बेडकांची पासरी तोलून दाखवली. तिथे तिचा एकच कायदा. प्रत्येकाने आपल्या झिलईची एक चकती भाजून भिंतीवर टांगायची आणि चकतीच्या पाठीवर सगळी मापं लिहायची. ज्याला हवं त्याने काढून वाचावं. "कुणाचं काही अडायला नको," ती म्हणायची.

मावशीनेही चकती टांगली. पाठीवर सगळं लिहिलं, फक्त झिलईला ओघळू न देणाऱ्या चिनी मातीचं माप तेवढं गाळलं. सगळंच दिलं तर आपल्याकडे उरलं काय? कुणी विचारलंच तर सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. सहा वर्षं कुणी विचारलं नाही. मावशीची निळी आपण कशी वापरायची, म्हणून जो तो भीत होता. हळूहळू मावशीही ते विसरली. विसरली म्हणजे, आठवायचं टाळायला शिकली.

मग परगावच्या एका मोठ्या कलाकेंद्रात वर्षभर राहून काम करायची एक जागा निघाली. बारा भांड्यांचे फोटो महिनाअखेरीपर्यंत पाठवायचे होते. सगळ्यांनी भाचीला पुढे ढकललं. "मी एकदा आत शिरले की दरवर्षी तुमच्यातल्या एकेकाला ओढून घेते," ती म्हणाली. ती म्हणाली म्हणजे करणारच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाचीच्या बारा भांड्यांची भट्टी उघडली त्या सकाळी सगळे जमले होते. दार सरकलं. झिलई भांड्यांवरून ओघळून खाली साचली होती आणि बाराची बारा भांडी फळ्यांना घट्ट चिकटली होती.

"अगं, ही भांडी आहेत की मेणबत्त्या?" नवांतलेच एक तोटीकाका म्हणाले. त्यांची स्वतःची किटली कप सोडून चहूकडे ओतायची, पण दुसऱ्याचं ओघळलेलं त्यांना लगेच दिसायचं.

"तुझी निळी होती, मावशी," भाची म्हणाली. "तुला न सांगता लावली होती. आधी बघशील, मग कळेल, असं ठरवलं होतं. माझाच हात जाड पडला."

एक वाक्य पुरलं असतं. पण समोर आठ तोंडं होती, आणि मावशीच्या जिभेने तिसरंच वाक्य उचललं. "होतं असं कधी कधी."

कच्ची भाजलेली आणखी बारा भांडी भाचीकडे तयार होती, दिवसही होते. अजून काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मावशीने छापखान्याचं कुलूप उघडलं. घेऊन जाणारे चोर जगात पुष्कळ, ही ठेवून जाणारी. भाचीच्या झिलईच्या बादलीत तिने तीन मुठी चिनी माती टाकली, काठीने ढवळली, गाळली, फरशी पुसली आणि घरी येऊन चहा प्याली. आता सगळं सुरळीत होईल. कुणाला कळायचं कारण नाही.

पण भाची काय दुधखुळी होती? आदल्या संध्याकाळीच तिने भिंतीवरच्या साऱ्या चकत्या उलटून पाहिल्या होत्या. सगळ्यांत चिनी माती, मावशीच्याच चकतीवर नाही. मावशी लिहायला विसरली असणार. चारचौघांत तिला कशाला खाली पाहायला लावायचं, म्हणून तिनेही गुपचूप दोन वाट्या घालून ठेवल्या होत्या.

भट्टी दुसऱ्यांदा उघडली. या वेळी काही ओघळलं नव्हतं. बारा भांडी सुटी उभी होती, राखाडी, कोरडी, खडू फासल्यासारखी. भाचीने एक उचललं आणि अंगठा घासून पाहिला.

"एवढी माती मी घातली नव्हती," ती पुटपुटली.

"मी घातली," मावशी म्हणाली.

"किती?"

"तीन मुठी."

तोटीकाकांना सवयीने हसू आलं आणि अर्ध्यातच थिजलं. दोन दिवस उरले होते. भट्टी नुसती थंड व्हायलाच तेवढे लागत.

भाचीने मावशीकडे पाहिलं. "चकतीवर लिहायला विसरली होतीस ना?" तिने विचारलं. विचारलं कसलं, बुडत्याला हात दिला. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागत होतं.

"नाही गं," मावशी म्हणाली. "मुद्दाम ठेवलं होतं. सहा वर्षं."

भाचीने मान हलवली. ते राखाडी भांडं फळीवर परत ठेवलं, अगदी हळू, फुटेल म्हणून नव्हे. मग झाडू घेऊन ती भट्टीसमोरची जागा झाडायला लागली.

तिने जुन्याच भांड्यांचे फोटो पाठवले. जागा दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. मावशीला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. चहाला हाक तशीच यायची, फळ्या उचलताना "मावशी, तुम्ही नका, पाठ धरेल," हेही तसंच. तिने चकतीवर राहिलेलं माप ठळक अक्षरांत लिहिलं आणि ती जागेवर टांगली. कुणीही ती उलटून पाहिली नाही.

पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा तोटीकाकांच्या बादलीवर एक ताट पालथं घातलेलं होतं, वर वीट. गुरुवारपर्यंत रांगेतल्या सगळ्या बादल्यांवर झाकणं आली. काहींनी दोरीही बांधली. भाची आपल्या बादलीच्या मापाची फळी करवतीने कापत बसली होती.

"हे काय नवीन?" मावशीने विचारलं.

भाचीने करवत थांबवली, भुसा फुंकला. वर पाहिलं नाही.

"काही नाही गं, मावशी. धूळ बसते."