डावी खुंटी

मी एक पिवळी कयाक, म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी, बोलतेय. दोघींतली कोणती, ते मात्र विचारू नका. गेल्या आठवड्यापासून माझाच गोंधळ झालाय.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही दोघी एकाच दिवशी निघालो. रंग तोच, लांबी तीच, नाकावरचा बाकही तोच. दोन भावांनी आम्हाला एकाच दुकानातून तळ्यावर आणलं. थोरल्याची मी, धाकट्याची ती. पंधरा वर्षं मी हेच धरून चालले.

थोरला, म्हणजे दादा, रोज सकाळी माझ्यात बसायचा. "चल गं बाई, आज सरळ चल," म्हणायचा. जसं काही वल्हं मीच मारत होते! धाकटा वर्षातून दोनदा उगवायचा, तेही फोटो काढायला.

मग दादा यायचा थांबला. मला कुणी काही सांगितलं नाही. रंगकामासाठी आमची तळ्याकाठची शेड रिकामी झाली आणि परत ठेवताना आम्हा दोघींच्या जागा उलटसुलट झाल्या. अंगावर कोळिष्टकं धरली, तेव्हा कुठे कळलं की तो आता येणार नाही. फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात दादाची बायको आली, सोबत धाकटा. ती लेकीकडे कायमची राहायला निघालेली, आणि दादाची होडी तिला बरोबर हवी होती. पण शेडचा वॉचमन नियमाला पक्का. "बिलावरचा नंबर होडीवर दाखवा, मग खुशाल न्या."

नंबर? माझ्यावर? मला पत्ताच नव्हता! धाकट्याने माझं नाक पाहिलं, सीट उचलली, उलटी करून पोट चाचपलं. मी नुसती ओशाळले.

"अहो, मागच्या टोकाला, उजव्या अंगाला बघा," वॉचमन म्हणाला.

वाळलेलं शेवाळ खरवडल्यावर बारा अक्षरं-आकडे दिसले. आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणतात, ते उगीच नाही. धाकट्याने नंबर दोनदा वाचला. तो दादाच्या बिलाशी जुळेना. जुळला धाकट्याच्या बिलाशी.

"वहिनी, ही माझी निघाली. दादाची ती शेजारची."

म्हणजे? मी दादाची नाहीच? मग त्या सगळ्या सकाळी कुणाच्या? मला काही म्हणजे काही कळेना.  शेजारच्या होडीलाही कळलं नसावं.

वहिनीने तिच्या आत हात घातला आणि लगेच काढला. मग माझ्याकडे आली, वाकून पाय टेकायच्या खुंट्या चाचपल्या. उजवी शेवटच्या खाचेत. डावी दोन खाचा अलीकडे.

"भाऊजी, ह्यांचा डावा पाय आखूड होता ना?"

धाकट्याने दोन्ही बिलं शेजारी शेजारी धरली. "पहिल्याच दिवशी अदलाबदल झाली म्हणायची. आम्ही नंबर कधी बघितलाच नाही हो."

"मला बिलावरची नको. ही द्या."

त्याने स्वतःच्या बिलामागे 'वहिनीला दिली' असं लिहून सही केली. वॉचमनने ते तीनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि दार उघडलं.

आता मी लेकीच्या घरामागे असते. माझी पाठ एक सांगते, पोट दुसरंच. खरं कोणतं, ते मला अजून उमगलेलं नाही. कधी आलात तर जरूर बसा. सीट मागेपुढे करा, उजवी खुंटी हवी तिथे सरकवा. डावीला मात्र हात लावू नका.