पहिली फुंकर

काचेच्या भट्टीवर बापलेकीत फुंकणी एकच होती. त्या लांब लोखंडी नळीच्या टोकावर रसरशीत काच घ्यायची, पहिली फुंकर बापाने मारायची आणि फुग्याने आकार धरला की नळी डावीकडे उभ्या असलेल्या लेकीच्या तोंडी द्यायची. स्वतःची फुंकणी मिळायची ती फक्त उस्तादाला. लेक कधीची मागत होती आणि बाप "बघू" म्हणून तिला वाटेला लावत होता.

अशात ती आजारी पडली. ताप आला, घसा सुजला, मानेत गाठी आल्या, उभ्या उभ्या पेंगायला लागली. "कामाचा कंटाळा, दुसरं काय," बाप पुटपुटला आणि कपाटात उरलेल्या कुठल्याशा जुन्या गोळ्या त्याने तिला दिल्या. अंगभर लाल पुरळ उठलं, तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोट चाचपलं. "मोनोन्यूक्लिओसिस."

"तापापेक्षा नावच मोठं," बाप म्हणाला.

"विषाणूचा आजार आहे. त्या गोळ्या बंद करा, बहुतेक त्यांनीच पुरळ उठलंय. विश्रांती घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं. पण पोटातली प्लीहा सुजलीय. धक्का बसला तर फुटू शकते. मी सांगेपर्यंत वजन उचलायचं नाही, जोर लावून फुंकायचं नाही. पोटात एकदम दुखलं तर तडक दवाखाना गाठा." मग त्यांनी विचारलं, "हा थुंकीतून पसरतो. कोणाचं उष्टं खाल्लं-प्यायलं का?"

"फुंकणी एकच आहे आमची," लेक म्हणाली.

"पण मला तर काहीच झालं नाही," बाप म्हणाला.

"बऱ्याच जणांना लहानपणी होऊन जातो, कळतही नाही. विषाणू मात्र अंगात राहतो. तुमच्याकडूनच आला, असं कोणी सांगू शकणार नाही."

तरी ते बापाच्या मनातून जाईना. लेकीला काळजी वेगळीच. "बाबा, माझ्या जागी कोणाला घेऊ नका हं," ती पडल्या पडल्या म्हणायची. "झोप गं," म्हणून तो पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून होकार दिला. लेक भट्टीवर आली आणि सवयीने डावीकडे उभी राहिली. बापाने कोऱ्या फुंकणीवर काच घेतली आणि तोंड न लावताच ती तिच्यापुढे धरली.

"उष्टं नको म्हणून देताय, की उस्ताद म्हणून?"

"काच गार होतेय."

तिने फुंकर मारली. फुग्याने हळूहळू आकार धरला, गोल आणि एकसारखा. बापाने तो डोळे भरून पाहिला आणि तिच्या डावीकडे जाऊन उभा राहिला.